बोलक्या संवाद यंत्राची जुळवणी विद्यार्थ्यानुसार कशी करावी

सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता किंवा अन्य कारणांमुळे ज्या मुलांना वाणीने बोलता येत नाही, अथवा ज्यांचे बोलणे इतरांना समजत नाही, अशा अनेक मुलांच्या हाती आता बोलके संवाद यंत्र येऊ लागले आहे. चित्राला किंवा शब्दाला स्पर्श केला की यंत्र तो शब्द मोठ्याने उच्चारते. मात्र यंत्र खोक्यातून बाहेर काढले त्याच स्थितीत विद्यार्थ्यापुढे ठेवले, तर अनेकदा ते त्याच्या उपयोगी पडत नाही. बोट शेजारच्या चौकटीवर पडते, एकच शब्द चार वेळा उमटतो, किंवा काहीच उमटत नाही. पाहणारे मूल 'समजत नाही' असा निष्कर्ष काढतात. प्रत्यक्षात त्याला काय म्हणायचे आहे हे पुरते ठाऊक असते. यंत्राची मांडणी मात्र त्याच्या हाताला, नजरेला किंवा कानाला जुळलेली नसते. म्हणूनच मुलाच्या क्षमतेविषयी मत बनविण्यापूर्वी यंत्राची जुळवणी तपासणे आवश्यक ठरते.

संवाद यंत्र म्हणजे काय

वाणीला पूरक ठरणाऱ्या किंवा वाणीऐवजी वापरल्या जाणाऱ्या साधनांना 'पूरक व पर्यायी संवाद' असे म्हटले जाते. यात हावभाव, खुणा, कागदावरील चित्रतक्ता यांपासून ते बोलणाऱ्या विद्युत यंत्रापर्यंत सर्व साधने येतात. बोलकी यंत्रे मुख्यतः दोन प्रकारची असतात. केवळ संवादासाठीच बनविलेले स्वतंत्र यंत्र हा पहिला प्रकार, तर टॅबलेट किंवा मोबाइलवर घातलेले संवाद ॲप हा दुसरा. भारतात दुसरा प्रकार अधिक परवडणारा असल्याने त्याचा प्रसार जास्त आहे.

चेन्नईत विकसित झालेले 'आवाज' हे या क्षेत्रातील भारतीय साधन आरंभी स्वतंत्र यंत्राच्या स्वरूपात होते आणि पुढे ते टॅबलेटवर आले. त्याचे निर्माते अजित नारायणन यांचा समावेश २०११ साली अमेरिकेतील 'टेक्नॉलॉजी रिव्ह्यू' नियतकालिकाच्या पस्तीस वर्षांखालील नवसंशोधकांच्या यादीत करण्यात आला होता. मुंबईच्या आयआयटीतील आयडीसी स्कूल ऑफ डिझाइनने 'जेलो' हे ॲप विनामूल्य उपलब्ध करून दिले असून ते मराठीतही वापरता येते.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ या कायद्याने 'संवाद' या शब्दाच्या व्याख्येतच पूरक व पर्यायी पद्धतींचा समावेश केला आहे. याच कायद्याच्या सतराव्या कलमानुसार, वाचा, संवाद किंवा भाषाविषयक अक्षमता असलेल्या व्यक्तींच्या दैनंदिन संवादासाठी अशा पद्धतींच्या वापरास शिक्षणक्षेत्रात चालना देणे अपेक्षित आहे. तसेच शाळांनी प्रत्येक विद्यार्थ्याच्या गरजेनुसार वाजवी सोयी उपलब्ध करून द्याव्यात, असेही कायदा सांगतो. यंत्राची योग्य जुळवणी ही या सोयीचाच एक भाग आहे.

जुळवणीपूर्वीची पाहणी

कोणतेही सेटिंग बदलण्यापूर्वी विद्यार्थ्याची बैठक पाहावी, असे तज्ज्ञ सांगतात. पाठीला व कमरेला आधार नसेल, पाय अधांतरी असतील, तर तोल सांभाळण्यातच शरीराची शक्ती खर्ची पडते आणि हाताचा नेम चुकतो. यंत्र टेबलावर आडवे ठेवण्याऐवजी थोडे तिरपे उभे केल्यास मान खाली घालावी लागत नाही आणि पडद्यावर दिव्याची तिरीपही कमी पडते. या कामी व्यवसायोपचार तज्ज्ञ आणि वाचा उपचारतज्ज्ञ या दोघांचे एकत्रित मार्गदर्शन सर्वाधिक उपयुक्त ठरते.

यानंतर काही प्रश्नांची उत्तरे नोंदवावीत. विद्यार्थ्याची सर्वांत खात्रीची हालचाल कोणती? एक बोट, मूठ, कोपर, डोके, पायाचा अंगठा की केवळ नजर? हात पडद्याच्या कोणत्या भागापर्यंत सहज पोहोचतो? चष्मा आहे काय? ऐकू नीट येते काय? सकाळी जमणारी हालचाल दुपारी थकल्यावर जमते काय?

पाहणीनंतरही घाई करू नये. यंत्रातील शब्दसंग्रहाची एक प्रत आधी जतन करून ठेवावी. बहुतेक संवाद ॲपमध्ये ही सोय असते. एका वेळी एकच सेटिंग बदलावे आणि काही दिवस त्याचा परिणाम पाहून नोंद ठेवावी. तीन-चार गोष्टी एकदम बदलल्यास सुधारणा कशामुळे झाली, किंवा बिघाड कशामुळे झाला, हे कळण्यास मार्ग उरत नाही.

चौकटींची संख्या आणि त्यांच्या जागा

संवाद यंत्राच्या पडद्यावर शब्द किंवा चित्रे चौकटींच्या जाळीत मांडलेली असतात. एका पानावर चार चौकटी असू शकतात, तशा चाळीस, साठ किंवा त्याहून अधिकही असू शकतात. मूल लहान आहे किंवा नवखे आहे म्हणून चारच मोठ्या चौकटी द्याव्यात, असा अनेकांचा कल असतो. परंतु चार चौकटींत 'हवे', 'नको', 'पाणी' आणि 'शौचालय' एवढेच बसते. त्यातून मागणी करता येते, पण गंमत सांगता येत नाही, प्रश्न विचारता येत नाही आणि तक्रारही करता येत नाही.

त्यामुळे विद्यार्थ्याला अचूक स्पर्श करता येईल आणि स्पष्ट दिसेल अशा सर्वांत लहान चौकटीचा आकार आधी शोधावा आणि त्या आकारात जास्तीत जास्त जितक्या चौकटी बसतील तितक्यांची जाळी निवडावी. आरंभी सर्व शब्द दाखवावयाचे नसतील, तर उरलेल्या चौकटी तात्पुरत्या लपवाव्यात. जाळी मात्र पहिल्यापासून मोठीच ठेवावी.

यामागे एक महत्त्वाचे कारण आहे. टंकलेखन करणाऱ्याची बोटे कळफलकाकडे न पाहता योग्य कळीवर जातात, त्याचप्रमाणे संवाद यंत्र वापरणारे मूलही शब्दांच्या जागा हाताच्या सवयीने लक्षात ठेवते. चार चौकटींचे पान सोळांचे केले आणि नंतर चाळिसांचे केले, तर प्रत्येक वेळी 'आणखी' हा शब्द नव्या ठिकाणी जातो आणि आधी शिकलेले व्यर्थ ठरते. शब्द वाढविता येतात, पण शिकलेल्या शब्दाची जागा शक्यतो हलवू नये, हा या क्षेत्रातील मूलभूत नियम मानला जातो.

कोणते शब्द ठेवावेत, याबाबतही दिशा उपलब्ध आहे. रोजच्या बोलण्याचा मोठा भाग, म्हणजे सुमारे ८० टक्के, केवळ काही शे शब्दांनी व्यापलेला असतो, असे इंग्रजी संभाषणांच्या अभ्यासांतून दिसून आले आहे. 'मी', 'तू', 'हे', 'कुठे', 'दे', 'थांब', 'पुन्हा' यांसारखे हे शब्द प्रत्येक प्रसंगी लागतात. त्यांना पहिल्या पानावर कायमची जागा द्यावी. 'डायनासोर', 'आजी', 'क्रिकेट' यांसारखी आवडीची नामे पुढील पानांवर ठेवता येतात.

स्पर्शाची सेटिंग

हाताने थेट स्पर्श करू शकणाऱ्या विद्यार्थ्यासाठी चार गोष्टी तपासाव्या लागतात.

पहिली गोष्ट म्हणजे दाबून ठेवण्याचा कालावधी. बोट किती वेळ टेकल्यावर चौकट निवडली जावी, हे त्यावरून ठरते. हात कापत असेल किंवा इच्छित चौकटीकडे जाताना वाटेतील चौकटींना लागत असेल, तर हा कालावधी सेकंदाच्या दशांशाने हळूहळू वाढवावा. उलटपक्षी, ज्याचा स्पर्श हलका आणि क्षणिक असतो, त्याच्यासाठी वाढविलेला कालावधी अडथळा ठरतो. बोट योग्य ठिकाणी पडूनही यंत्र गप्प राहते.

दुसरी गोष्ट म्हणजे पुनःस्पर्शाकडे दुर्लक्ष करणे. हाताच्या कंपामुळे एकच शब्द दोन-तीनदा उमटत असल्यास हे सेटिंग उपयोगी पडते. पहिल्या स्पर्शानंतर ठरावीक वेळेपर्यंत त्या चौकटीवरील पुढचे स्पर्श यंत्र मोजत नाही. मात्र स्वमग्न मूल एखादा शब्द आवडीने पुनःपुन्हा ऐकत असेल, तर तो कंप नव्हे. नव्या शब्दाशी ओळख करून घेण्याची ती त्याची पद्धत असू शकते. सेटिंग बदलण्यापूर्वी हा भेद लक्षात घेतला पाहिजे.

तिसरी गोष्ट म्हणजे निवड स्पर्श करताच व्हावी की बोट उचलल्यावर. काही मुले पडद्यावर बोट टेकवून ते सरकवत नेमक्या चौकटीवर नेतात. अशा मुलांसाठी 'बोट उचलल्यावर निवड' हा पर्याय सोयीचा असतो. ज्यांना बोट नेमके उचलता येत नाही आणि उचलताना ते घसरते, त्यांच्यासाठी पहिल्या स्पर्शाची जागा ग्राह्य धरणे योग्य ठरते.

चौथी गोष्ट सेटिंगच्या यादीत नसते. प्रत्येक चौकटीच्या जागी भोक असलेली पारदर्शक प्लास्टिकची जाळी पडद्यावर बसविता येते. तळहात जाळीवर टेकविता येतो आणि बोट भोकातूनच पडद्याला लागते. तळहात पडद्याला टेकल्यामुळे स्पर्श नोंदला जात नसेल, तर कालावधी बदलत बसण्यापेक्षा ही जाळी अधिक परिणामकारक ठरू शकते. मात्र चौकटींची संख्या बदलल्यास जाळीही नवी लागते.

आयपॅडवर यांपैकी पहिली तीन सेटिंग 'ॲक्सेसिबिलिटी' या विभागातील 'टच' आणि त्यातील 'टच अकोमोडेशन्स' येथे आढळतात. अँड्रॉइड टॅबलेटवर 'ॲक्सेसिबिलिटी' विभागात वेळेसंबंधीचे पर्याय असून ते कंपनीनुसार थोडे वेगळे असतात. बहुतेक संवाद ॲपमध्ये स्वतःची अशी सेटिंगही असतात. दोन्हीकडे कालावधी वाढवून ठेवल्यास विद्यार्थ्याला अपेक्षेपेक्षा बराच जास्त वेळ दाबून ठेवावे लागते. म्हणून बदल शक्यतो एकाच ठिकाणी करावा आणि तो कोठे केला हे लिहून ठेवावे.

स्विच आणि स्कॅनिंग

ज्या विद्यार्थ्याला पडद्यावर नेमका स्पर्श करता येत नाही, तो एका मोठ्या बटणाच्या, म्हणजेच स्विचच्या साहाय्याने यंत्र वापरू शकतो. यंत्र एकेक चौकट क्रमाने उजळवत जाते आणि हवी ती चौकट उजळताच विद्यार्थी स्विच दाबतो. या पद्धतीस स्कॅनिंग म्हणतात. स्विच हाताने, डोक्याने, गुडघ्याने किंवा शरीराच्या ज्या भागावर ताबा आहे त्याने दाबता येतो. आयपॅडमध्ये 'स्विच कंट्रोल' आणि अँड्रॉइडमध्ये 'स्विच ॲक्सेस' या नावाने ही सोय उपलब्ध आहे.

स्कॅनिंगचा क्रम कसा असावा, याचा वेगावर मोठा परिणाम होतो. पाच ओळी आणि प्रत्येक ओळीत आठ, अशा चाळीस चौकटी असल्याचे धरू. प्रत्येक चौकट दोन सेकंद उजळत असेल आणि यंत्र एकापाठोपाठ एक अशा क्रमाने जात असेल, तर शेवटच्या चौकटीपर्यंत पोहोचण्यास ८० सेकंद लागतात. आधी ओळ आणि मग त्या ओळीतील चौकट अशा क्रमाने गेल्यास पाच आणि आठ मिळून तेरा पायऱ्या, म्हणजे २६ सेकंद पुरतात. मात्र ओळ-चौकट पद्धतीत स्विच दोनदा वेळेवर दाबावा लागतो आणि दोन टप्पे ध्यानात ठेवावे लागतात. त्यामुळे नवख्या विद्यार्थ्यासाठी थोड्या चौकटी आणि सरळ क्रम यापासून सुरुवात करून पुढे ओळ-चौकट पद्धतीकडे जाता येते.

वेग अंदाजाने न ठरविता मोजून ठरविता येतो. चौकट उजळल्यापासून विद्यार्थी स्विच दाबेपर्यंत सरासरी किती वेळ लागतो, हे दहा-बारा प्रयत्नांत मोजावे आणि त्यास ०.६५ ने भागावे. येणारे उत्तर हा प्रत्येक चौकट उजळून राहण्याचा योग्य कालावधी असतो, असे पुनर्वसन अभियांत्रिकीतील अभ्यासकांनी सुचविले आहे. विद्यार्थ्याला सरासरी १.३ सेकंद लागत असतील, तर चौकट दोन सेकंद उजळून राहावी. याहून कमी वेळ ठेवल्यास चुका वाढतात, तर फार जास्त ठेवल्यास कंटाळा येऊन लक्ष उडते.

याशिवाय पहिल्या चौकटीवर जादा थांबा ठेवण्याचा पर्यायही पाहावा. स्कॅनिंग सुरू होताच स्विच दाबणे बहुतेकांना अवघड जाते आणि त्यामुळे पहिली चौकट सतत हुकते. ज्यांना अवयव वेळेवर हलविता येत नाही पण पुनःपुन्हा दाबता येतो, त्यांच्यासाठी प्रत्येक दाबास एक पाऊल पुढे नेणारी पद्धत निवडता येते. ज्यांना दिसण्यात अडचण आहे, त्यांच्यासाठी चौकट उजळताना तिचे नाव हळू आवाजात ऐकविणारी सोयही उपलब्ध आहे.

या पद्धतीचे सर्वपरिचित उदाहरण म्हणजे भौतिकशास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग. १९८५ साली श्वासनलिकेवरील शस्त्रक्रियेनंतर त्यांची वाणी गेली. त्यानंतर ते हातातील स्विचच्या साहाय्याने शब्द निवडू लागले. पुढे हाताची शक्ती क्षीण झाल्यावर चष्म्यावर बसविलेल्या संवेदकाद्वारे गालाच्या स्नायूची हालचाल टिपली जाऊ लागली. शब्द निवडण्याचा मार्ग बदलला, परंतु जगाला परिचित झालेला यंत्राचा आवाज त्यांनी २०१८ मधील निधनापर्यंत कायम ठेवला. इंटेल कंपनीने त्यांच्यासाठी विकसित केलेली प्रणाली २०१५ साली सर्वांसाठी खुली करण्यात आली.

नजरेने चालणारी यंत्रे

काही यंत्रे अवरक्त प्रकाशाच्या साहाय्याने डोळ्यांची हालचाल टिपतात. विद्यार्थी ज्या चौकटीकडे ठरावीक वेळ पाहतो ती निवडली जाते. येथे सर्वांत महत्त्वाचे सेटिंग म्हणजे नजर स्थिरावण्याचा कालावधी. तो फार कमी असेल तर केवळ पाहिलेली प्रत्येक चौकट बोलू लागते आणि विद्यार्थ्याला पडदा निवांत न्याहाळताच येत नाही. तो फार जास्त असेल तर डोळे थकतात. सरावलेल्यांना एक सेकंद किंवा त्याहूनही कमी वेळ पुरतो. शिकणाऱ्यांसाठी तो अधिक ठेवून क्रमाने कमी केला जातो.

प्रथम वापरण्यापूर्वी यंत्राला त्या विद्यार्थ्याच्या नजरेची ओळख करून द्यावी लागते. पडद्यावरील अनेक बिंदूंकडे पाहणे जमत नसेल, तर बिंदूंची संख्या कमी करता येते. दोन्ही डोळे एका दिशेने वळत नसतील, तर एकाच डोळ्याची हालचाल टिपण्याचा पर्यायही अनेक यंत्रांत असतो. यंत्र डोळ्यांपासून साधारण ६० सेंटिमीटर अंतरावर आणि चेहऱ्यासमोर असावे. थेट सूर्यप्रकाशात हे तंत्र नीट चालत नाही. त्यामुळे वर्गात खिडकीजवळची जागा टाळावी आणि मैदानासाठी कागदी तक्ता सोबत ठेवावा.

दृष्टीला अनुकूल मांडणी

डोळे निर्दोष असूनही मेंदूला दृश्याचा अर्थ लावणे कठीण जाते, अशी अवस्था सेरेब्रल पाल्सी असलेल्या अनेक मुलांत आढळते. अशा मुलांसाठी गजबजलेला पडदा त्रासदायक ठरतो. काळ्या पार्श्वभूमीवर ठळक चित्र, चौकटींमध्ये मोकळी जागा आणि कमी तपशील असलेली आकृती यांचा उपयोग होतो. चित्राखालील अक्षरे जाड व मोठी असावीत. देवनागरीत मात्रा व वेलांटी ओळीच्या वर-खाली जात असल्याने अक्षर लहान ठेवल्यास 'की' आणि 'कि', 'दे' आणि 'दै' यांतील फरक दिसत नाही.

चौकटींना रंग देण्याचीही एक प्रचलित पद्धत आहे. त्यानुसार व्यक्ती व सर्वनामांसाठी पिवळा, क्रियापदांसाठी हिरवा, विशेषणांसाठी निळा आणि नामांसाठी नारिंगी रंग वापरला जातो. कोणतीही पद्धत स्वीकारली तरी यंत्रावर, भिंतीवरील तक्त्यावर आणि घरच्या वहीत ती एकच असावी.

आवाज आणि ऐकणे

यंत्राचा आवाज हा त्या विद्यार्थ्याचा आवाज असतो. त्यामुळे शक्य असल्यास वय आणि व्यक्तिमत्त्वाला साजेसा आवाज निवडण्याची संधी त्यालाच द्यावी. बोलण्याची गती नेहमीच्या गतीहून किंचित कमी ठेवल्यास नवख्या श्रोत्यालाही शब्द कळतो. प्रत्येक शब्द निवडताच उच्चारला जावा की पूर्ण वाक्य झाल्यावर, हाही पर्याय असतो. शिकण्याच्या आरंभीच्या काळात प्रत्येक शब्द ऐकू येणे उपयुक्त असते, तर वर्गात उत्तर देताना पूर्ण वाक्य एकदम उच्चारले जाणे सोयीचे असते. गोंगाटाच्या वर्गात टॅबलेटचा आवाज अपुरा पडत असल्यास लहान स्पीकर जोडावा.

मराठी विद्यार्थ्यांसाठी विशेष दक्षता

अनेक ॲपमधील शब्दांची रचना इंग्रजी वाक्यानुसार केलेली असते. तेथे कर्त्यानंतर क्रियापद येते. मराठीत क्रियापद बहुधा शेवटी येते. त्यामुळे सर्वनामे डावीकडे, नामांकडे नेणाऱ्या चौकटी मध्ये आणि क्रियापदे उजवीकडे ठेवल्यास 'मी पाणी पितो' हे वाक्य हाताच्या एका दिशेने पूर्ण होते. अर्थात, विद्यार्थ्याच्या हाताला आधीची मांडणी सरावाची झाली असेल, तर केवळ यासाठी ती मोडू नये.

मराठी क्रियापद बोलणाऱ्याच्या लिंगानुसार बदलते. यंत्रात केवळ 'जातो', 'खातो' अशी रूपे असतील, तर मुलीला आयुष्यभर मुलाच्या तोंडचे वाक्य बोलावे लागेल. तिच्यासाठी 'जाते', 'खाते' ही रूपे भरणे ही किरकोळ दुरुस्ती समजू नये. त्याचप्रमाणे 'ये' आणि 'या', 'तू' आणि 'तुम्ही' ही दोन्ही रूपे हवीत. अन्यथा शिक्षकांना 'तू' म्हणण्यावाचून विद्यार्थ्याला गत्यंतर राहत नाही आणि दोष मात्र त्याच्या वागणुकीला दिला जातो. 'शाळा' सोबत 'शाळेत', 'पाणी' सोबत 'पाण्यात' अशी नित्य लागणारी रूपेही टप्प्याटप्प्याने वाढवावीत.

उच्चाराकडेही लक्ष द्यावे. मराठी मजकूर हिंदी आवाजाकडून वाचून घेतल्यास 'चाक' मधील 'च' हा 'चार' मधल्या 'च' सारखा उच्चारला जातो आणि 'ळ' चा उच्चारही बिघडू शकतो. यंत्रात मराठी आवाज उपलब्ध असल्यास तोच निवडावा. नातेवाइकांची व गावांची नावे चुकीची उच्चारली जात असल्यास उच्चार दुरुस्तीच्या यादीत ती वेगळ्या प्रकारे लिहून पाहावीत, किंवा घरच्या कोणाच्या आवाजात ध्वनिमुद्रित करावीत.

इंदूर, बडोदा किंवा बेळगाव येथील मराठी कुटुंबांत घरची भाषा एक आणि शाळेची भाषा दुसरी असू शकते. अशा वेळी दोन्ही भाषांची पाने ठेवून एका चौकटीने भाषा बदलण्याची सोय करावी. दोन्ही भाषांत समान अर्थाचे शब्द शक्य तितके एकाच जागी असावेत. शाळेच्या सोयीसाठी घरची भाषा यंत्रातून काढून टाकल्यास मुलाचा आजी-आजोबांशी असलेला संवादच खुंटतो.

काय बंद करावे आणि काय करू नये

संवादाचा टॅबलेट खेळ व चित्रफितींसाठीही वापरला गेला, तर ऐन गरजेच्या वेळी बोलण्याचे पान समोर नसते. आयपॅडवरील 'गाइडेड ॲक्सेस' आणि अँड्रॉइडवरील 'ॲप पिनिंग' या सोयींनी एकच ॲप पडद्यावर कायम ठेवता येते. ॲपमधील संपादनाचे पान सांकेतिक क्रमांकाने बंद ठेवल्यास शब्द चुकून पुसले जाण्याचा धोका टळतो. हा क्रमांक घरी आणि शाळेत किमान दोघा मोठ्यांना ठाऊक असावा. 'गाइडेड ॲक्सेस' मध्ये आवाज कमी-जास्त करण्याची बटणे स्वतंत्रपणे सुरू ठेवता येतात. ती सुरू ठेवावीत.

काही गोष्टी मात्र कधीही बंद करू नयेत. मूल फार 'बोलते' म्हणून आवाज शून्यावर नेणे, शिक्षा म्हणून यंत्र काढून घेणे किंवा 'नको' हा शब्द सतत वापरला जातो म्हणून तो लपविणे, हे एखाद्याचे तोंड दाबण्यासारखेच आहे. 'दुखते', 'थांबा', 'मला हात लावू नका' हे शब्द प्रत्येक यंत्रात आणि सहज पोहोचता येतील अशा जागी असणे मुलाच्या सुरक्षिततेसाठी अत्यावश्यक आहे.

वर्गातील वापर आणि फेरतपासणी

जुळवणी अचूक झाली तरी केवळ तेवढ्याने मूल बोलू लागत नाही. आसपासच्या मोठ्यांनी स्वतः बोलताना त्याच यंत्रावरील शब्दांना स्पर्श करून दाखवावे लागते. ऐकणारे मूल आधी अनेक महिने भाषा ऐकते आणि मग बोलते. यंत्राची भाषाही तशीच पाहून शिकावी लागते. प्रश्न विचारल्यानंतर उत्तरासाठी पुरेसा वेळ द्यावा. स्विचवर तेरा पायऱ्या चालणाऱ्या विद्यार्थ्याकडून पाच सेकंदांत उत्तराची अपेक्षा करता येत नाही.

यंत्र दिल्याने मूल बोलण्याचा प्रयत्नच सोडून देईल, अशी भीती अनेक पालक व्यक्त करतात. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधन आढाव्यात अशा साधनांचा वापर करणाऱ्या २७ जणांची माहिती तपासण्यात आली होती. त्यांपैकी ८९ टक्के व्यक्तींच्या वाणीत वाढ दिसून आली, उरलेल्यांत फरक पडला नाही आणि एकाचीही वाणी कमी झाली नाही.

विद्यार्थी वाढतो, त्याचे बळ, दृष्टी आणि गरजा बदलतात. त्यामुळे वर्षारंभी, दीर्घ आजारानंतर, खुर्ची किंवा चष्मा बदलल्यावर आणि सॉफ्टवेअर अद्ययावत झाल्यावर सर्व सेटिंगची फेरतपासणी करावी. थकव्यामुळे दिवसभरात फरक पडत असेल आणि यंत्रात सोय असेल, तर सकाळ व दुपार अशा दोन वेगळ्या जुळवण्या जतन कराव्यात. सर्व आकडे एका कागदावर लिहून त्याची एक प्रत शाळेत आणि एक घरी ठेवल्यास यंत्र बिघडले किंवा शिक्षक बदलले तरी विद्यार्थ्याला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. यंत्राच्या पहिल्या पानाची छापील प्रत नेहमी दप्तरात असावी. विद्युतभार संपला तरी बोलणे थांबू नये, यासाठी ती उपयोगी पडते.

मार्गदर्शनासाठी मुंबईतील अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था, म्हैसूर येथील अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था आणि कोलकाता येथील इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सेरेब्रल पाल्सी या संस्था या क्षेत्रात कार्यरत आहेत. जिल्हा रुग्णालयातील वाचा उपचारतज्ज्ञ आणि समग्र शिक्षा योजनेतील विशेष शिक्षक यांच्याकडेही पालकांनी चौकशी करावी. भेटीस जाताना यंत्र, सेटिंगच्या नोंदी आणि विद्यार्थी यंत्र वापरत असतानाची छोटी चित्रफीत सोबत न्यावी. चूक कोठे होते आहे हे त्यावरून तज्ज्ञांना लवकर कळते.